रविवारचा वारा

9 ऑगस्ट 1896 हा रविवार होता. बर्लिनमधला एक कारखानदार ओटो लिलियेन्थाल आठवड्याची कामे उरकून नेहमीप्रमाणे शहराच्या वायव्येला, श्टोल्न गावाजवळच्या टेकडीवर गेला होता. सोबत त्याचा मेकॅनिक पाउल बायलिश होता. आठवडाभर हा माणूस वाफेची इंजिने आणि बॉयलर बनवायचा. कामगारांना नफ्यात वाटा देणारा म्हणूनही त्याची ख्याती होती. सुट्टी मिळाली की तो विलोच्या काठ्या आणि सुती कापडाचे पंख घेऊन रेल्वेने या माळरानावर यायचा, पंखांच्या सांगाड्यात हात अडकवून उतारावरून वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने धावायचा आणि पाय जमिनीवरून उचलायचा. पाच वर्षांत त्याने अशी दोन हजारांहून जास्त उड्डाणे केली होती. सर्वांत लांबचे सुमारे 250 मीटर.

त्या रविवारी सुरुवातीची उड्डाणे ठीक झाली. नंतरच्या एका उड्डाणात उन्हाने तापलेल्या जमिनीवरून हवेचा एक झोत वर आला, पंखांचे नाक वर गेले आणि सगळा डोलारा हवेत जागच्या जागी थबकला. लिलियेन्थालने पाय पुढे झोकून तोल सावरायचा प्रयत्न केला. त्याच्याकडे तेवढेच साधन होते, स्वतःच्या देहाचे वजन. साधारण पंधरा मीटरवरून तो खाली आदळला. मान मोडली. दुसऱ्या दिवशी बर्लिनच्या दवाखान्यात त्याने प्राण सोडला.

तीन वर्षांनी इंग्लंडमध्ये. 30 सप्टेंबर 1899, वार शनिवार. पर्सी पिल्चर हा तरुण इंजिनिअर लिलियेन्थालला जर्मनीत जाऊन भेटलेला, त्याच्याकडून शिकलेला, त्याचे एक यंत्र विकत घेतलेला. त्याने स्वतःचे इंजिन बसवलेले तीन पंखांचे विमान तयार केले होते आणि ते बघायला स्टॅनफोर्ड हॉल या हवेलीच्या आवारात पाहुणे जमले होते. पैसा गुंतवू शकतील असे लोक होते ते. पण काही दिवस आधीच इंजिनाचा दांडा तुटलेला. त्यात पाऊस आणि सोसाट्याचा वारा. पाहुण्यांना रिकाम्या हाताने कसे पाठवायचे म्हणून पिल्चरने आपले जुने ग्लायडर, ज्याचे नाव ‘हॉक’ होते, बाहेर काढले. पावसात भिजून कापड जड झाले होते. घोड्यांनी दोर ओढला, ग्लायडर वर चढले, आणि शेपटीचा बांबू तुटला. दोन दिवसांनी पिल्चर गेला.

इतिहासाच्या पुस्तकात या दोन मृत्यूंना ‘विमानविद्येचे हुतात्मे’ अशा मथळ्याखाली एकेक ओळ मिळते. मला मात्र दरवेळी वार लक्षात राहतो. शनिवार आणि रविवार. राजाने नेमलेले, लष्कराने पोसलेले असे हे लोक नव्हते. ही हौस होती, सुट्टीच्या दिवसाची. आजही जगभर छोट्या छोट्या धावपट्ट्यांवर शनिवार-रविवारी जी मंडळी जमतात, विंडसॉककडे बघत चहा पितात आणि ‘आज वारा जरा जास्तच आहे’ म्हणत कधी उडतात, कधी गप्पा मारून घरी जातात, त्यांचे हे थेट पूर्वज.

वाऱ्याची ही गोष्ट थोडी समजून घेतली पाहिजे, कारण पुढचा सगळा किस्सा तिच्यावरच उभा आहे. आमच्या मोहल्ल्यात पतंग बनवणारे एक चाचा होते. संक्रांतीच्या आधी त्यांच्या ओट्यावर पोरांची झुंबड असे. ते म्हणत, पतंग वाऱ्यावर उडत नाही, वाऱ्याच्या अंगावर उडतो. शाळा न शिकलेल्या त्या माणसाने जे सांगितले तेच विमानाचे शास्त्र आहे. पंखाला जमिनीशी देणेघेणे नसते, त्याला फक्त आपल्यावरून वाहणारी हवा कळते. एखाद्या यंत्राला उचलून धरायला ताशी 45 किलोमीटरची हवा लागत असेल आणि समोरून 35 किलोमीटरचा वारा येत असेल, तर त्याला जमिनीवर फक्त 10 किलोमीटरने धावायचे असते. म्हणून उडणारा माणूस वारा शोधत फिरतो. पण हाच वारा एकसारखा नसेल, झोताझोताने येत असेल, तर घात होतो. 35चा वारा क्षणभरात 15वर आला की पंखाखालची हवा जणू काढून घेतली जाते. पतंग अशा वेळी गोता खातो, आपण मांजा खेचतो. लिलियेन्थालच्या हातात मांजा नव्हता.

अमेरिकेतल्या राईट बंधूंनी लिलियेन्थालच्या मृत्यूची बातमी वाचली आणि त्यांचे कुतूहल जागे झाले, असे त्यांनीच पुढे सांगितले. तेही हौशीच, सायकलचे दुकान चालवणारे. त्यांनी आधी काय केले, तर सरकारी हवामान खात्याकडून देशातल्या वाऱ्यांचे आकडे मागवले. त्यातून किटी हॉक हे समुद्रकाठचे वाळूचे ओसाड गाव निवडले. 17 डिसेंबर 1903 ला सकाळी तिथे ताशी चाळीस किलोमीटरच्या आसपास बोचरा वारा होता, डबक्यांवर बर्फ धरले होते. पहिले उड्डाण 12 सेकंदांचे, 120 फुटांचे. हिशेब करून बघा, जमिनीच्या मानाने हा वेग ताशी 11 किलोमीटर पडतो. विल्बर शेजारून धावत होता आणि तो मागे पडला नाही! चौथे उड्डाण 59 सेकंदांचे, 852 फुटांचे झाले. मग यंत्र जमिनीवर उभे असताना एका झोताने ते उचलून उलटेपालटे केले, पकडायला गेलेला एक माणूस त्यात गुरफटून फरफटला. त्या यंत्राने पुन्हा कधीच उड्डाण केले नाही.

आणि एक गोष्ट. राईट बंधू पाद्र्याचे मुलगे. रविवारी ते उडत नसत. 13 डिसेंबरचा रविवार त्यांनी वाचनात घालवला, यंत्र शेडमध्ये तयार असताना. जुम्याच्या नमाजाला दुकानाचे शटर खाली ओढणारे आमचे शेजारी, गिऱ्हाईक दारात असले तरी, मला हे वाचताना आठवतात.

आता मी ज्या कारणासाठी हे सगळे वाचत बसलो त्याकडे येतो. माझा भाचा आठवीत आहे. सोलापूरला, मराठी शाळेत. एक दिवस फोनवर विचारू लागला, “मामू, पहिलं विमान आपल्या लोकांनी उडवलं ना?” त्याला व्हॉट्सॲपवर एक संदेश आला होता. राईट बंधूंच्या हजार वर्षे आधी स्पेनच्या मुस्लिम शास्त्रज्ञाने, अब्बास इब्न फिरनासने, विमान उडवले, तो दहा मिनिटे हवेत होता, पाश्चात्त्यांनी हे दडपून ठेवले, वगैरे. बाकावरच्या मित्राकडे दुसरा संदेश होता. राईट बंधूंच्या आठ वर्षे आधी गिरगाव चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे यांनी वैदिक विमान उडवले, इंग्रजांनी ते दडपले. दोघांचे वर्गात वाजले. शिक्षकांनी दोघांनाही गप्प बसवले, म्हणजे प्रश्न तसाच राहिला. प्रश्न साधा नव्हता. ‘आपले लोक’ या दोन शब्दांत तो अडकला होता.

इब्न फिरनासपासून सुरुवात करू. हा माणूस खरा होता, आणि मोठा होता. नवव्या शतकातला, रोंदा भागातला, बर्बर वंशाचा. कोर्डोव्याच्या उमय्या अमिरांच्या दरबारात वावरलेला. कवी, संगीत जाणणारा. दगडापासून काच करण्याची रीत, पाणघड्याळ, घराच्या छताखाली उभे केलेले तारांगण, त्यात ढग आणि विजेचा आभास, अशा गोष्टी त्याच्या नावावर आहेत. 887 साली तो वारला. चंद्रावरच्या एका विवराला त्याचे नाव दिले आहे, बगदादला पुतळा आहे, कोर्डोव्यात पूल आहे. म्हणजे दडपले वगैरे काही नाही.

उड्डाणाबद्दल मात्र आपल्याकडे आहे काय? मुख्य आधार अल-मक्करी या इतिहासकाराचा. तो वारला 1632 साली, म्हणजे घटनेनंतर साडेसातशे वर्षांनी. त्याने लिहिले आहे की इब्न फिरनासने अंगाला पिसे लावली, दोन पंख बांधले, उंचावरून उडी घेतली, बरेच अंतर गेला आणि उतरताना पाठीला इजा झाली, कारण पक्षी शेपटीच्या मदतीने उतरतो हे त्याच्या ध्यानात आले नव्हते. दहा मिनिटे कुठेच नाहीत. मिनिटे मागाहून चिकटली, जसे लग्नाच्या वरातीत ओळख नसलेले पाहुणे शिरतात. साडेसातशे वर्षांनंतरचा एकच साक्षीदार म्हणजे केस कमजोर, असे कोणीही वकील म्हणेल. पण एक धागा आहे. मूमिन इब्न सईद नावाचा त्याच काळचा एक दरबारी कवी होता, इब्न फिरनासचा टीकाकार. त्याने गिधाडाची पिसे चढवून उडायला निघालेल्या या माणसाची टर उडवणारी एक ओळ रचली आणि ती टिकली. लिन व्हाइट या अमेरिकी इतिहासकाराने 1961 साली याच धाग्यावर बोट ठेवले. विरोधकाची टिंगल हा चांगला पुरावा असतो. न घडलेल्या गोष्टीची कोणी टिंगल करत नाही. म्हणून काहीतरी घडले होते, एक धाडसी माणूस पंख बांधून उंचावरून निघाला होता आणि जिवंत खाली आला होता, एवढे मी मानतो. त्याला विमान म्हणत नाही.

आणि शेपटीचा तो तपशील मला सर्वांत खरा वाटतो. अकराव्या शतकात इंग्लंडमधल्या माम्सबरी मठातला आयल्मर हा साधू मठाच्या मनोऱ्यावरून पंख बांधून उडाला, दोनशे मीटरच्या आसपास गेला, वाऱ्याच्या जोराने आणि भीतीने गडबडला, पडला, दोन्ही पाय मोडून जन्माचा लंगडा झाला. तोही हेच म्हणत असे, शेपटी लावायला विसरलो! मागचा पुढचा तोल राखणारे शेपूट नसेल तर यंत्र नाक वर करून थबकते आणि कोसळते. लिलियेन्थालला शेपूट होते, तरी झोताने त्याला गाठले. हजार वर्षांचा हा एकच धडा आहे, तो मुस्लिम, ख्रिस्ती, जर्मन, इंग्रज सगळ्यांनी आपापल्या हाडांवर घेतला.

निशापूरचा अल-जौहरी तर वाचलाच नाही. अरबी भाषेचा हा थोर कोशकार, ‘अस्-सिहाह’ हा त्याचा कोश आजही वापरात आहे. मदरशात शिकलेल्या कोणालाही नाव माहीत असते. तो मशिदीच्या छतावर चढला, अंगाला लाकडी पंख बांधले (दाराच्या दोन फळ्या होत्या, असेही लिहिलेले आहे) आणि उडी टाकली. हजार-एक वर्षांपूर्वीची गोष्ट. अभिमानाच्या संदेशांत जौहरी कधी येत नाही. तो पडला ना!

तुर्की किस्सा याहून रंगतदार. हेजारफेन अहमद चलबी. हेजारफेन म्हणजे आपले हजार फन, हजार कला जाणणारा. सतराव्या शतकात सुलतान मुराद चौथा याच्या काळात तो इस्तंबूलच्या गलाता मनोऱ्यावरून नैऋत्येच्या वाऱ्यावर झेपावला आणि बॉस्फरसची खाडी ओलांडून उस्कुदारच्या मैदानात उतरला, असे एव्लिया चलबी आपल्या प्रवासवर्णनात लिहितो. सुलतानाने आधी मोहरांची थैली दिली, मग असा माणूस धोक्याचा म्हणून अल्जीरियाला धाडून दिला. साक्षीदार पुन्हा एकच, आणि एव्लिया हा गोष्ट फुलवून सांगणारा माणूस. आपण फक्त अंकगणित करू. मनोऱ्याचे टोक समुद्रापासून शंभर मीटरच्या आसपास. अंतर तीन किलोमीटरहून जास्त. म्हणजे 1 मीटर खाली येताना तीस मीटरहून अधिक पुढे जायला हवे. लिलियेन्थालचे पंख चार मीटरच्या आसपास जायचे. गिधाड साधारण पंधरा. तीस गाठतात ती आजची फायबरची ग्लायडरे. वाऱ्याचा हातभार धरला तरी हा हिशेब जुळत नाही.

तरी एव्लियाच्या मजकुरातली एक गोष्ट मला सोडवत नाही. तो लिहितो की मनोऱ्यावर जाण्याआधी अहमदने ओकमैदान या मोकळ्या माळावर, वाऱ्याच्या जोरावर, आठ-नऊ वेळा सराव केला. ओकमैदान हे तिरंदाजीचे मैदान, शहराच्या वरच्या अंगाला, भन्नाट वाऱ्याचे. खोटी गोष्ट सांगणारा सहसा सरावाचा कंटाळवाणा भाग सांगत नाही. खाडी त्याने ओलांडली नसेल. पण त्या माळावर कोणीतरी पंख बांधून वाऱ्यात धावत होता, हे मला शक्य वाटते. आज इस्तंबूलच्या पश्चिमेला हेजारफेन नावाचे एक छोटे खासगी विमानतळ आहे. हौशी लोक सुट्टीला तिथे आपली लहान विमाने उडवतात.

तळपद्यांना हाच न्याय लावू. कमी नाही, जास्त नाही. तळपदे खरे होते, मुंबईचे होते, विमानाचा ध्यास घेतलेले होते. 1895 साली चौपाटीवर त्यांचे यंत्र उडाले याचा त्या काळचा पक्का पुरावा समोर आलेला नाही. ज्या ‘वैमानिक शास्त्रा’चा या चर्चेत आधार घेतला जातो, त्याचा अभ्यास बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच जणांनी 1974 साली केला. तो ग्रंथ 1904 च्या आधीचा नाही आणि त्यातली विमाने उडू शकत नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. तरीही 2015 साली मुंबईच्या विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानांवर निबंध वाचला गेला. तेव्हा आपल्यातले बरेच जण हसले. हसताना त्यांच्या स्वतःच्या मोबाईलमध्ये दहा मिनिटे उडणारा इब्न फिरनास होता.

मी भाच्याला एवढेच म्हटले, तू सोलापूरचा, तळपदे गिरगावचे. त्यांची भाषा तुझी शाळेची भाषा. कोर्डोव्याची अरबी आपल्या घरात कोणाला येत नाही. मग जास्त आपले कोण? तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “मामू, दोघं पण आपले घेतले तर चालतं का?” चालते की. त्या महिन्यात तो पुण्याला आला तेव्हा मी त्याला हडपसरला ग्लायडिंग सेंटरवर घेऊन गेलो. सरकारी सेंटर आहे, नागरी विमान वाहतूक खात्याचे, वाढत्या शहराच्या मधोमध राहिलेला एक माळ. धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाला विंच असते, तिच्या रिळावर लांबच लांब दोर. एक माणूस पंखाचे टोक हातात धरून उभा राहतो. दोर ताणला की तो चार पावले धावतो, मग पंख त्याच्या हातातून सुटतो आणि ग्लायडर डोळ्यांदेखत आकाशात उभे चढते. त्या दिवशी आम्ही दोन उड्डाणे पाहिली. मग वारा फिरला. विंडसॉक धावपट्टीला आडवे झाले आणि फडफडू लागले. प्रशिक्षकांनी उड्डाणे थांबवली, शांतपणे, कोणाची माफी न मागता. रांगेतली माणसे थोडी हिरमुसली. भाचा विंडसॉककडे बघत राहिला. लिलियेन्थालला थांबवणारे कोणी नव्हते, हे मी त्याला तिथे सांगितले नाही.

पण हौशीच्या या मैदानाची एक बाजू सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनीचे हवाई दल मोडून काढले, इंजिनाची विमाने बनवण्यावर निर्बंध आले. 1920 च्या उन्हाळ्यात ऑस्कर उर्झिनस या संपादकाच्या हाकेला ओ देऊन विद्यार्थी आणि बेकार झालेले वैमानिक र्‍होन डोंगरातल्या वासरकुप्पे या 950 मीटर उंचीच्या माथ्यावर जमले. झाडे नसलेला, गवताचा, सतत वारा खाणारा डोंगर. इंजिन नाही तर नाही, वारा तर कोणी बंद केलेला नाही! पहिल्याच वर्षी एक जण कोसळून मेला, आणि पहिल्याच वर्षी क्लेम्पेररने जवळपास दोन किलोमीटर मजल मारली. 1922 मध्ये हॅनोव्हरच्या विद्यार्थ्यांनी बनवलेले ‘व्हॅम्पायर’ ग्लायडर तासाहून जास्त हवेत राहिले आणि काही दिवसांतच तीन तास. डोंगराला धडकून वर चढणाऱ्या वाऱ्यावर घिरट्या घालायचे तंत्र सापडले होते. 1926 साली माक्स केगेल वादळी ढगात ओढला गेला आणि 55 किलोमीटरवर जाऊन उतरला. लोकांनी त्याचे नाव ‘गडगडाटी माक्स’ ठेवले.

याच मैदानावर रोबर्ट क्रोनफेल्ड तयार झाला. व्हिएन्नाचा, ज्यू. 1929 मध्ये ग्लायडरने शंभर किलोमीटरची मर्यादा त्यानेच पहिल्यांदा ओलांडली. 1931 साली इंग्लिश खाडी ग्लायडरने जाऊन-येऊन पार केली आणि एका इंग्रजी दैनिकाचे 1000 पौंडांचे बक्षीस मिळवले. जर्मन मासिकांत त्याचे फोटो, पोरे त्याच्यासारखे व्हायचे स्वप्न बघत. 1933 साली नाझी सत्तेवर आले. देशातले सगळे हौशी क्लब एका सरकारी संघटनेत गोळा केले गेले, पुढे तिची पक्षाची तुकडी झाली, आणि ग्लायडिंग हे हिटलर युथच्या मुलांना लढाऊ वैमानिक करण्याची पहिली पायरी बनले. ज्यू माणसाला मैदान बंद. ज्या माथ्यावरचा वारा क्रोनफेल्डला तळहातासारखा माहीत होता तिथे त्याला पंख उचलायची परवानगी उरली नाही. तो ऑस्ट्रियातून इंग्लंडला गेला, युद्धात ब्रिटिश हवाई दलात राहिला आणि 1948 मध्ये एका प्रायोगिक ग्लायडरची चाचणी घेताना मेला. मैदान तेच, वारा तोच, रविवारही तोच. फक्त फाटकावर कोण उभे आहे ते बदलले होते. मी अल्पसंख्य समाजातला माणूस आहे. सोसायटीच्या मैदानावर, गरब्याच्या मंडपावर, कोणाला आत सोडायचे याच्या पाट्या मी वाचलेल्या आहेत. क्रोनफेल्डचे आयुष्य वाचताना मला थांबावे लागले.

आपल्याकडे हौशी उड्डाण आले ते 1928 च्या सुमारास, फ्लाइंग क्लबांच्या रूपाने. मुंबईचा क्लब जुहूला. जुहू म्हणजे तेव्हा समुद्राकाठची चिखलाची सपाट जमीन. पावसाळ्यात तिथून उडणे अशक्य व्हायचे, आणि पुढे टाटांची टपाल विमानेही पावसाळ्यात पुण्याला हलवावी लागत. 10 फेब्रुवारी 1929 रोजी जे.आर.डी. टाटा यांना भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला. शिकणारे बहुतेक सधन घरातले. हौस स्वस्त कधीच नव्हती. लाहोरच्या क्लबात 1936 साली परवाना मिळवणाऱ्या हिजाब इम्तियाज अली या उर्दू लेखिका होत्या. हिजाब हे त्यांचे नावच, आणि त्या मॉथ विमान उडवत. उर्दू वाचणाऱ्या आमच्या आधीच्या पिढीला त्यांच्या कथा माहीत असत, त्यांचे विमान क्वचितच कोणाला माहीत असे.

आगा खान तिसरे, सर सुलतान मुहम्मद शाह, मुस्लिम लीगचे पहिले अध्यक्ष, पुण्यातल्या आगा खान पॅलेसचे मालक. त्यांनी 500 पौंडांचे बक्षीस लावले. इंग्लंड ते भारत किंवा भारत ते इंग्लंड, एकट्याने, जो पहिला भारतीय उडेल त्याला. अट धर्माची नव्हती, फक्त भारतीय असण्याची आणि मुदतीची. 1930 साली तीन नावे समोर आली. मनमोहन सिंग, ज्यांच्या विमानाचे नाव ‘मिस इंडिया’ होते. जे.आर.डी. टाटा. आणि अस्पी इंजिनिअर हा 17 वर्षांचा पोरगा. एक शीख, दोन पारशी. मनमोहन सिंग मुदतीच्या अटीत बसले नाहीत. टाटा कराचीहून इंग्लंडकडे निघाले, अस्पी इंग्लंडहून कराचीकडे. दोघांची गाठ इजिप्तमध्ये अबुकीरच्या धावपट्टीवर पडली. अस्पी तिथे अडकून पडला होता. इंजिनाचे स्पार्क प्लग खराब झालेले, जवळ जादा नाहीत, आणि त्या वाळवंटात मिळणार कुठे? टाटांजवळ होते. त्यांनी आपल्या सामानातले काढून दिले. दोघांनी आपापली विमाने उलट दिशांना उडवली. अस्पी कराचीला उतरला तेव्हा टाटांचा लंडनचा पल्ला काही तासांचाच उरला होता, आणि आगा खान यांचे 500 पौंड अस्पीला मिळाले. पुढे तोच अस्पी इंजिनिअर स्वतंत्र भारताच्या हवाई दलाचा प्रमुख झाला.

भाच्याने ही गोष्ट बाकावरच्या मित्राला सांगितली म्हणे. मित्राचा पहिला प्रश्न होता, प्लगचे पैसे घेतले का?